हस्तीभाऊंच्या वहीतली एक रेघ

हस्तीभाऊ गेले हे कळवणारा फोन आला तेव्हा शाळेत लाईट नव्हती. दिवाळीची सुट्टी संपून दोनच दिवस झाले होते आणि मी स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. पलीकडून त्यांचा मुलगा अभय बोलत होता. "सर, पप्पा गेले... झोपेतच." मी विचारायचं ते विचारलं, म्हणायचं ते म्हटलं आणि फोन ठेवला. तेवढ्यात लाईट आली. डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरायला लागला, ट्यूब दोनदा मिचमिचून पेटली आणि तिची बारीक भुणभुण सुरू झाली. ती ऐकता ऐकता माझ्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण आज सांगायलाच बसलोय. मनात आलं, सुटलो! एक गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती, त्यातला एक गेला. आता ती कुणी बोलणार नाही. दुःख आलं ते नंतर, मंचरला त्यांच्या दुकानासमोर चपला काढताना, आणि मग ते काही केल्या जाईना. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

मंचरच्या बाजारपेठेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले, पण यांच्या तोंडी आमच्याइतकीच गावरान मराठी. नाव हस्तीमल आणि अंगकाठी वेताच्या छडीसारखी, त्यामुळे आमच्याकडच्या गिऱ्हाइकांना चेष्टेला आयतंच सापडायचं. दुकानात पाण्याच्या मोटारीचे सुटे भाग, पाईप, नायलॉनचे दोर, खिळे, साखळ्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी वडिलांबरोबर मोटारीचा फूटव्हॉल्व्ह घ्यायला गेलो होतो. बारावीत होतो, विज्ञान शाखेत, म्हणजे सगळं कळतं अशा वयात. माळ्यावरून काहीतरी टीं टीं वाजत होतं. मी वर बघितलं तर भाऊ म्हणाले, "ये वर. चपला काढून ये." माळ्यावर एक टेबल, त्यावर खोक्याएवढं यंत्र, ट्रॅक्टरची बॅटरी, आणि काळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही. हौशी रेडिओ हा प्रकार मी पहिल्यांदा तिथं बघितला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आणि घरात बसून देशोदेशीच्या आपल्यासारख्याच वेड्यांशी बोलायचं. फोन नाही, बिल नाही, मध्ये कुणी नाही. अशा माणसांना हॅम म्हणतात. आमच्या दोन तालुक्यांत तेव्हा तरी हा एकच हॅम होता, आणि गच्चीवरची त्याची लांबलचक तार बघून लोकांना नाही नाही ते सुचायचं. एकदा हवालदार येऊन चहा पिऊन गेले आणि जाताना हळूच विचारून गेले, यावर पाकिस्तान ऐकू येतं का म्हणून.

लाईट गेली की सगळी बाजारपेठ वैतागायची आणि हा माणूस खूश व्हायचा. त्यामागं कारण होतं. वीज चालू असली की तारांमधली भुणभुण त्या यंत्रात उतरते. हेडफोन कानाला लावला की गांधीलमाश्यांचं पोळं उठवल्यासारखा आवाज यायचा, आणि त्याखाली दूरचा माणूस दबून जायचा. लाईट गेली की पोळं एकदम शांत... आणि त्या शांततेतून कुणीतरी इंदूरहून, कुणीतरी हुबळीहून बोलायला लागायचं. मला ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा भाऊ म्हणाले होते, "आधी ऐकायचं. बोलायची घाई सगळ्यांनाच असती, इलास. ऐकणारा कोण न्हाई." माझं नाव विलास, पण भाऊंच्या तोंडी ते शेवटपर्यंत इलासच राहिलं. फक्त मी शिक्षक झाल्यावर चारचौघांत ते मला 'सर' म्हणायला लागले आणि मला ते उगीचच आवडायला लागलं.

दोन हजारनंतर मी शिक्षणसेवक म्हणून शाळेत लागलो. तीन वर्षं मानधनावर राबायचं, सगळं सुरळीत पार पडलं तर कायम, नाहीतर घरी. नव्या माणसाच्या गळ्यात जे जे पडतं ते सगळं माझ्या गळ्यात पडलं, त्यातच स्काउटचं पथक. मला गाठी मारता येत नव्हत्या, पण शिट्टी वाजवता येत होती. भाऊंना कळलं तसे ते हरखले. त्यांच्या मनात कितीतरी दिवस एकच गोष्ट होती, तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कुलात एक रेडिओ असावा आणि पोरांनी परीक्षा देऊन परवाने काढावेत. "स्काउटची पोरं लई बेस," ते म्हणाले. "हुकूम ऐकत्यात, गाठी येत्यात, बांबू उभा करत्यात. अजून काय पायजे?" आमच्या शाळेसाठी म्हणून त्यांनी एक जुना सेट दुरुस्त करून खोक्यात भरूनही ठेवला होता. मग ठरलं. जानेवारीत स्काउटचा मुक्कामी कॅम्प करायचा, एक दिवस पूर्ण रेडिओचा, आणि तो नीट झाला तर तो सेट शाळेला.

कॅम्प ठरला होता लोणीला, ओढ्याकाठी. चार दिवस आधी तिथल्या उसात बिबट्या दिसला. त्या वर्षांत आमच्या भागात बिबट्यानं जो उच्छाद मांडला होता तो इथल्या माणसाला वेगळा सांगायला नको. संध्याकाळ झाली की आया पोरांना आत ओढायच्या, माणसं शेतावर जाताना घुंगराच्या काठ्या आपटत जायची. पालक शाळेत आले आणि स्पष्ट म्हणाले, उसाजवळ पोरं ठेवायची असतील तर आम्ही पाठवत नाही. मी नकाशा घेऊन बसलो, दोन दिवस मोटरसायकल हाणली, आणि पिंपरी पेंढारच्या बाजूला एक मोकळा माळ शोधून काढला. हाकेच्या अंतरात ऊस नाही, झुडूप नाही, चारी बाजूंनी लख्ख. एका कडेनं विहिरींकडे जाणारी विजेची लाईन तेवढी गेलेली. मुख्याध्यापक म्हणाले, छान, इथं बिबट्या काय उंदीरही लपणार नाही. मी फार खूश होतो. आम्ही सगळे त्या कॅम्पभर जमिनीकडे बघत होतो, पाऊलखुणा शोधत होतो. वर कुणी बघितलंच नाही.

रेडिओच्या दिवशी सकाळी भाऊ जीप घेऊन आले. पांढरा शर्ट, गळ्यात हेडफोन, मागं बॅटरी आणि तारेचं भेंडोळं. मुलांनी ध्वजाचा खांब आणि माळावरची एकुलती बाभूळ यांच्यामध्ये पहिली तार बांधली, आणि दहाच्या सुमाराला रेडिओ सुरू झाला. लाईन बंद होती. पोळं शांत होतं. बत्तीस पोरं त्या जीपभोवती जमिनीवर मांडी घालून बसली, आणि हुबळीचे कुणीतरी आजोबा हिंदीत त्यांना विचारायला लागले की तुम्ही नाश्त्याला काय खाल्लंत. योगेश नावाचा लोणीचा पोरगा, नववीतला, आठ जणांच्या एका संघाचा नायक, माईक दोन्ही हातांनी धरून आधी नीट सरसावून बसला. मग एकदम मराठीत म्हणाला, "पोहे. पन मीठ कमी व्हतं." सगळा माळ हसला. आजोबाही हसले, कळलं की नाही कोण जाणे.

भाऊंनी मग ती काळी वही काढली. बोलणं संपलं की तारीख, वेळ, कुणाशी बोललो, काय झालं, सगळं तिच्यात लिहायचं. योगेशला लिहायला बसवलं. त्यानं वेळ चुकीची लिहिली आणि खिशातून खोडरबर काढला. भाऊंनी त्याचा हात धरला. "हितं रबर न्हाई चालत. चूक झाली तर एकच रेघ मारायची. एकच. खालचं वाचता आलं पायजे. वर बरोबर काय ते लिव्हायचं." योगेशनं विचारलं, "का वं?" "आपण चुकलो हे पण खरंच हाये ना? मग खरं कशापायी पुसायचं?" मला त्या वेळी हे जरा प्रवचनासारखं वाटलं होतं. मी घड्याळ बघत होतो, जेवणाची वेळ झाली होती.

जेवणानंतर मुलांना चेव चढला. तार जितकी उंच तितका आवाज लांब जातो, असं भाऊंनी सांगितलं होतं. मग काय, योगेशच्या संघानं तीन बांबू एकाला एक जोडून बांधले आणि तो सबंध खांब माळाच्या कडेला उभा करायला घेतला, कारण तिथली जमीन जरा चढाची होती. चौघं चार दोर धरून, दोघं बुंध्याशी, एक जण मोजत, आणि टोकाला बांधलेल्या तांब्याच्या तारेचं खालचं टोक योगेशच्या हातात. भाऊ तिथं आले आणि वर बघून थांबले. विजेची लाईन वीस-बावीस पावलांवर होती.

"सर, बांबू कलला तर लाईनीला पोचंल."

"ती मेलेली आहे भाऊ. सकाळपासून बंदच आहे की. या आठवड्याला रात्रपाळी आहे."

"नक्की?"

"नक्की. शेतकऱ्याच्या पोराला लाईट शिकवता काय?"

हे मी पोरांच्या देखत म्हणालो. जरा हसून, जरा मोठ्यानं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे आमच्या हाडीमासी मुरलेलं. त्याप्रमाणंच पाणी, त्याप्रमाणंच झोप, लग्नाच्या तारखासुद्धा लोक पाळी बघून धरायचे. माझ्या गावी, पेठला, त्या आठवड्यात रात्रीचीच पाळी होती, माझा भाऊ रोज रात्री कांद्याला पाणी द्यायला जात होता. पण आम्ही पेठला नव्हतो. आम्ही आंबेगाव ओलांडून जुन्नर तालुक्यात आलो होतो. सबस्टेशन वेगळं, पाळी वेगळी. तिथं त्या आठवड्यात दिवसाची लाईट होती, दुपारची. शेजारच्या विहिरीवरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. मी जागा बदलली होती आणि डोक्यातलं घड्याळ गावाकडचंच ठेवलं होतं.

भाऊंनी एकदा लाईनीकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. मी ऐकत बसतो." ते जीपशी गेले, हेडफोन लावले, आणि कुणाशी न बोलता नुसते ऐकत बसले. तेव्हा मला वाटलं, बुवा रुसले. ते पहाऱ्याला बसले होते, हे कळायला मला फार उशीर लागला.

माळावर वारा नव्हता. दूर कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता तोही बंद पडला. पोरं मोजत होती, एक, दोन, तीन, हुप्... बांबू उठत होता. अर्ध्यावर आला. पाऊण. आणि जीपकडून आवाज आला. मी भाऊंना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे तो आवाज कुणाचा हेच मला आधी कळेना. हेडफोन तसाच गळ्यात, वायर तुटून मागं लोंबतेय, आणि हा पन्नाशीचा माणूस माळावरून पळत येतोय. "सोड! योगेश, तार सोड! लाईट आली! सोड!"

योगेशनं तार सोडली नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं.

खांब उभा करताना हुकूम एकाचाच, बाकी कोण काय म्हणेल त्याकडे लक्ष द्यायचं नाही, दोर सोडायचा तर शिट्टीवरच... हे त्याला मीच शिकवलं होतं. कॅम्पच्या पहिल्या दिवशी दोनदा घोकून घेतलं होतं. शिट्टी माझ्या गळ्यात होती. ती ओठांत धरून फुंकायला किती वेळ लागतो? मी काय केलं? मी लाईनीकडे बघितलं. आणि म्हणालो, "अहो, लाईट कुठून येईल आत्ता?" हे सगळं वाक्य मी पूर्ण म्हणालो. ते म्हणेपर्यंत पोरगा माझ्याकडे बघत होता. ओरडण्यानं दचकून एकाचा दोर सैल झाला आणि बांबूचं टोक सावकाश, अगदी सावकाश लाईनीकडे कललं.

पुढचं मी लिहिणार नाही. निळा उजेड झाला, एवढंच. आणि त्यानंतरची शांतता. तार जळून तुटली होती म्हणून पोरगा सुटला, पायांत रबरी तळाचे बूट होते म्हणून वाचला, असं नंतर डॉक्टर म्हणाले. भाऊंनी त्याला उचललं, जीपमध्ये घातलं, आणि नारायणगावच्या दवाखान्यापर्यंत एक हात त्याच्या छातीवर ठेवून बसले. मी गाडी चालवत होतो. दर थोड्या वेळानं मागून आवाज यायचा, "चालू हाये... श्वास चालू हाये... चल." उजव्या हाताची दोन बोटं गेली. तळवा आक्रसला तो कायमचाच.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे जमले. योगेशचे वडील, लोणीची पंधरा-वीस माणसं, मुख्याध्यापक, एक पोलीस. मुख्याध्यापकांनी विचारायचं तेच विचारलं, "लाईनीत वीज आहे की नाही याची खात्री कुणी केली होती?" मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ, उघडलं होतं. पण माझ्या आधी भाऊ बोलले. "मी केली. बंद हाये असं मीच सांगितलं सरांना. बांबूची जागा पण मीच दावली. तार माझी, खेळ माझा." लोक एकदम त्यांच्याकडे वळले. "शेठ, आमची पोरं काय तुमच्या खेळण्याला हायती का?" योगेशचे वडील रडत म्हणाले. भाऊ हात जोडून उभे होते. आणि मी... मी उघडलेलं तोंड मिटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दोन हातांवरून बघितली, आणि दोर कुणाच्या गळ्यात पडला हे बघून मला हायसं वाटलं.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "भाऊ, असं का केलंत?" त्यांनी गळ्यातला हेडफोन काढून मागं टाकला. मग म्हणाले, "तुजी कायमची ऑर्डर चार महिन्यांवर आली. माझं काय, दुकान हाये." आणि थोड्या वेळानं, "आणि तू लाईट न्हाई म्हणालास तरी पोरांना थांबवायला मला कोण आडवं आलं व्हतं? मी तुझं ऐकलं. ती माझीच चूक ना." मी म्हणालो, उद्या मी जाऊन खरं सांगतो. ते म्हणाले, सांग. मी सांगितलं नाही. उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा, आणि चार महिन्यांनी माझी ऑर्डर निघाली.

त्यांचं मात्र व्हायचं ते झालं. पोलिसात तक्रार झाली, ती नंतर समजुतीनं मिटली. लोणीच्या माणसांनी दुकानाची पायरी चढणं सोडलं, वर्षभर तरी. पोरं त्यांना 'करंटशेठ' म्हणायला लागली. वरून तोंडी हुकूम आला, शाळांमध्ये असल्या तारा लावायच्या नाहीत. खोक्यातला सेट खोक्यात राहिला. गच्चीवरची तार त्यांनी स्वतः उतरवली. मंचरला गेलो की मी दुसऱ्या दुकानातून खिळे घ्यायला लागलो, हेही लिहून टाकतो. योगेशकडे मात्र ते दर आठवड्याला जायचे. सुरुवातीला त्याचे वडील दारातूनच हाकलायचे, तरी जायचे. डाव्या हातानं लिहायला त्यांनीच बसवलं, पुढे मोटारीचं जळालेलं वाइंडिंग काढून नवीन भरायला त्यांनीच शिकवलं. आज लोणीत योगेशचं स्वतःचं दुकान आहे, आठ बोटांनी मोटारी बांधतो.

आणखी एक सवय त्यांना त्यानंतर लागली. गल्ल्याशेजारी एक छोटा ट्रान्झिस्टर कायम चालू, पण कुठल्याच स्टेशनवर नाही. नुसती खरखर. गिऱ्हाइकं हसायची, शेठ, काटा सरकवा की जरा. ते हसून मान हलवायचे. लाईट आली की खरखरीत ती भुणभुण मिसळायची, आणि हिशोब करता करता त्यांची मान थोडी वर व्हायची. मी एकदाच ते बघितलं आणि पुन्हा त्या वेळेला दुकानात थांबलो नाही.

जैन माणसं वर्षातून एकदा, भाद्रपदात संवत्सरीला, ओळखीपाळखीच्या सगळ्यांची क्षमा मागतात. मिच्छामि दुक्कडम्. कळत-नकळत माझ्याकडून तुम्हाला काही दुखलं असेल तर क्षमा करा. भाऊ दर वर्षी पेठला माझ्या घरी येऊन हे म्हणायचे. मी हात जोडून तेच शब्द परत म्हणायचो, बायको चहा टाकायची, आणि विषय कांद्याच्या भावावर जायचा. माझी क्षमा ते मागत होते! आणि मी ती देत होतो, ओटीवर बसून, दर वर्षी. यंदा आले तेव्हा त्यांना पायऱ्या चढताना दम लागत होता. निघताना दारात थांबले. मला वाटलं, आता विचारणार. ते फक्त म्हणाले, "इलास, तू लई कमी येतोस रे दुकानात." मी म्हणालो, शाळेतून वेळच मिळत नाही भाऊ. तीच शेवटची भेट. शेवटच्या भेटीतही मी खोटंच बोललो.

तेराव्याचा वगैरे प्रकार त्यांच्यात नाही. दहा-बारा दिवसांनी त्यांच्या पत्नीनं, भाभींनी, बोलावलं. माळ्यावरचं टेबल तसंच होतं. भाभींनी ती काळी वही माझ्या हातात ठेवली. "तुमाला द्यायची म्हणून सांगितलं व्हतं त्यांनी. तुमालाच." मी वही घरी आणली आणि कपाटात टाकली. उघडायची हिंमत होईना. तिच्यात काय लिहिलं असणार ते मला माहीत होतं. खोडरबर न वापरणारा माणूस तो. माझं नाव, वेळ, माझं वाक्य, सगळं असणार. घरात त्या कपाटाचं दार उघडायचंही मी टाळायला लागलो. आठवडाभर असं काढलं, आणि मग ठरवलं की ती वही कुणी वाचण्याआधी, मी वाचण्याआधीसुद्धा, एका माणसाला सांगायचं.

लोणीला गेलो. योगेश दुकानात मोटार उघडून बसला होता. त्यानं स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. मी उभ्यानंच म्हणालो, "योगेश, त्या दिवशी लाईट नाही असं मी सांगितलं होतं. भाऊंनी नाही." तो तारेचा वेढा घालत होता, तो त्यानं पूर्ण केला. मग वर बघितलं.

"सर, मला म्हाईत व्हतं की."

"कोणी सांगितलं? भाऊंनी?"

"न्हाई वं. मी तिथंच व्हतो ना. तुमच्यापासून चार हातांवर. आणि मग तुमच्याकडंच तर बघत व्हतो."

मी खाली बसलो. तो म्हणाला, "दवाखान्यातच मी वडलांना सांगनार व्हतो. तर भाऊ म्हनले, सर सोताहून सांगतील, त्यांना सांगू दे. तू नको सांगू." त्यानं आक्रसलेल्या हातानं कपाळावरचा घाम पुसला. "म्हनून मी थांबलो व्हतो. लई वर्सं लावली सर तुमी." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला घरी जाणं सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी मी वही उघडली. पानं उलटत त्या दिवसापर्यंत आलो. वर योगेशच्या अक्षरात हुबळीचं बोलणं, चुकलेल्या वेळेवर एक रेघ आणि वर बरोबर वेळ. खाली भाऊंचं बारीक अक्षर. तीन वाजून पाच मिनिटं, लाईन चालू झाली. मुलगा जखमी. आणि त्याखाली लिहिलेलं होतं: 'विलाससरांना विचारले. लाईट नाही असे ते म्हणाले.' त्या ओळीवर एक रेघ होती. वर लिहिलं होतं, 'कोणाला विचारले नाही. चूक माझी.' त्यानंतर वहीत काहीच लिहिलेलं नाही. एवढी जाड वही, निम्म्याहून अधिक पानं कोरी.

मी ते पान दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा बघितलं. दोन रेघा मारता आल्या असत्या, गिरवून काळं करता आलं असतं, पान फाडता आलं असतं. आयुष्यात एकदाच खोटं लिहायची वेळ आली, आणि तेही त्यांनी नियमानं लिहिलं. एकच रेघ. खालचं माझं नाव आजही स्वच्छ वाचता येतं.